ज्ञात कथेची अनिश्चित वाट

मिथकाचा विचार आपल्याकडे बहुधा संहितेच्या अंगाने होतो. कथेचे पाठभेद, तिच्यातील आदिबंध, तिचे सामाजिक कार्य यांची चिकित्सा आपण करतो. मिथक 'आचरणे' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मात्र मला ग्रंथांपेक्षा एका खेळाने अधिक निकडीने विचारला.

चार-पाच जणांनी मेजाभोवती बसावे, प्रत्येकाने एक पात्र घ्यावे, एकाने सूत्रधार व्हावे आणि संभाषण व फासे यांच्या साहाय्याने कथा घडवीत जावी, असा हा भूमिकानाट्याचा खेळ. ग्रेग स्टॅफर्ड (१९४८–२०१८) या अमेरिकन लेखकाने १९६६ मध्ये, विद्यार्थीदशेतच, 'ग्लोरांथा' हे कल्पित विश्व रचावयास आरंभ केला. १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेला 'रूनक्वेस्ट' हा खेळ याच विश्वात घडतो. या विश्वाचा गाभा म्हणजे 'हिरोक्वेस्ट'. तिला मी वीरयात्रा म्हणतो. विधिपूर्वक सिद्ध झालेला उपासक देवाची भूमिका धारण करून देवांच्या काळात प्रवेश करतो, देवाने केलेली कृत्ये टप्प्याटप्प्याने पुन्हा करतो आणि तेथून आपल्या कुळासाठी काही घेऊन परततो. मागे राहिलेले कुळ त्याला आपले बळ पुरवीत असते. म्हणून त्याचे अपयशही त्याच्या एकट्याचे राहत नाही.

यांपैकी सर्वांत थोर यात्रा प्रकाश आणणाऱ्यांची. वादळाचा देव ऑरलॅन्थ सूर्यसम्राट येल्म याचा वध करतो. त्यानंतर जगावर अंधार आणि विध्वंस ओढवतो. अखेर ऑरलॅन्थ सहा सोबत्यांसह पश्चिमेकडून मृतांच्या लोकात उतरतो. तेथे मारणारा आणि मारला गेलेला यांचा समेट होतो. सूर्य पुन्हा उगवतो आणि काळाला प्रारंभ होतो.

काही सहकारी आणि माजी विद्यार्थी यांच्यासह ही यात्रा मराठीतून चालविताना सूत्रधार म्हणून माझ्यापुढे एक पेच होता. शेवट सर्वांना ठाऊक आहे. कथा जशीच्या तशी घडली तर ते पाठांतर ठरते. ती मोडली तर मिथक उरत नाही. विचारान्ती असे ध्यानात आले, की कथेत ठाऊक असते ते देवाचे कृत्य. या माणसाला त्यासाठी काय मोजावे लागेल, हे ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक टप्प्यावर मी एकच विचारीत असे : "देवाने येथे हे केले. तुम्ही ते कशाच्या बळावर करणार?"

ऑरलॅन्थची भूमिका घेतलेल्या खेळाडूचे पात्र एका कुळाची प्रमुख होती. जुन्या वैरातून तिने शेजारच्या कुळातील एका वृद्धाला मारले होते. मृतांच्या दरबारात सिंहासनावरील सूर्याला मी त्या वृद्धाचा चेहरा दिला. तिच्या वक्तृत्वाची टक्केवारी उत्तम होती. फासे हातात होते. तिने ते टाकले नाहीत. बराच वेळ गप्प राहून तिने विचारले, "घाव कुठे बसला होता तुम्हांला?" मी फासे मागितले नाहीत. समेटाचा तो टप्पा कथेप्रमाणेच पार पडला. तरीही तो त्या क्षणापूर्वी कोणत्याच संहितेत नव्हता.

याच विश्वात एक इशाराही आहे. 'गॉड लर्नर्स' नामक पंडितांनी सर्व मिथकांची समान रचना शोधून काढली आणि तिचा यंत्रासारखा वापर केला. दोन प्रदेशांच्या धान्यदेवता सारख्याच आहेत, असे मानून त्यांनी त्यांची अदलाबदल केली. परिणामी पिके बुडाली. मिथकांची सांगाडे मांडून तुलना करणाऱ्या आपणां अभ्यासकांना ही कथा अस्वस्थ करील, आणि तशी ती करावी. साम्य दाखविता येणे म्हणजे एकाच्या जागी दुसरे ठेवता येणे नव्हे.

हाच सावधपणा मी स्वतःच्या तुलनेलाही लावतो. गोंधळात गोंधळी ठिकठिकाणच्या दैवतांना नावे घेऊन येथे पाचारण करतो. वीरयात्रेत माणूस तिकडे जातो. तथापि खरा भेद दिशेचा नसून ऋणाचा आहे. गोंधळ हा कुळाचार आहे. तो घालणारे घर दैवताचे देणे फेडीत असते. आमच्या मेजावर कोणाचे देणे नव्हते. म्हणून या खेळाला मी विधी म्हणत नाही.

मात्र त्यातून एक गोष्ट मला स्पष्ट झाली. हरिश्चंद्राच्या आख्यानाचा शेवट श्रोत्यांना ठाऊक असतो, तरी श्रोते उठून जात नाहीत. कथेचे काय होणार, हे त्यांना जाणून घ्यायचे नसते. त्या जागी उभे राहिलेल्या माणसाचे काय होते, हे पाहायचे असते. संहितेच्या अभ्यासात हा माणूस आपल्या नजरेतून निसटतो. मिथकाच्या अभ्यासात त्यालाही स्थान असावयास हवे.