पडद्यावरची खाण

भंडारा जिल्ह्यात तुमसरच्या उत्तरेस, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत चिखला नावाचे गाव आहे. नाव ऐकून परक्या माणसाच्या डोळ्यांपुढे पावसाळ्यातली शेते उभी राहावीत. परंतु या गावाची कीर्ती मातीची नसून दगडाची आहे. येथल्या जमिनीच्या पोटात मँगनीज सापडते. हा दगड दिसायला काळा, आणि हातात घेतला की डोळ्यांनी केलेला अंदाज चुकला असे वाटावे इतका जड. पोलादाला बळकटी यावी म्हणून तो लागतो. विसाव्या शतकाच्या आरंभापासून चिखल्यात खाणकाम होत आले असून आज ही खाण भारत सरकारच्या मॉयल या कंपनीकडे आहे. गावातल्या कित्येक घरांचे दिवस आणि रात्री खाणीच्या पाळ्यांप्रमाणे ठरतात.

अशाच एखाद्या घरात, रविवारी सायंकाळी, दूरचित्रवाणीसमोर मुले बसली आहेत अशी कल्पना करावी. वडील पाळीवरून येऊन भिंतीला टेकले आहेत. पडद्यावर हॉलिवुडचा एक जुना साहसपट चालू आहे. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी दिग्दर्शित केलेला, इंडियाना जोन्स या वीराचा हा दुसरा चित्रपट 1984 साली निघाला. त्यातला खलपुरुष आपल्या अमरीश पुरी यांनी रंगवला आहे. कथा भारतात घडते. पण त्यात दाखवलेला भारत इतका विपरीत आहे, आणि मेजवानीत वाढलेले पदार्थ तर इतके किळसवाणे, की पाहणाऱ्याने कपाळाला हात लावावा. चित्रपटाची संहिता आपल्या सरकारला रुचली नाही आणि चित्रीकरण श्रीलंकेत करावे लागले, यात नवल नाही.

हे सारे खरे असूनही, खाणीतल्या पाठलागाचा प्रसंग सुरू झाला की मुलांचे हात ताटातल्या ताटात थांबतात. वीर, त्याची सोबतीण आणि शॉर्ट राउंड नावाचा मुलगा खनिज वाहण्याच्या एका डब्यात उडी घेतात आणि डबा उतारावरून सुटतो. मागून शत्रूंचे डबे येतात. बोगदे वळतात, रूळ खाली झेपावतात, ब्रेकचा दांडा हातात मोडून येतो. एके ठिकाणी तर रूळच तुटलेले असतात. खाली खोल दरी आणि पलीकडे रुळांचे दुसरे टोक. डबा हवेतून झेप घेतो आणि पलीकडच्या रुळांवर आदळतो. मुलांचे श्वास त्या क्षणी सुटतात.

तेवढ्यात भिंतीजवळून वडिलांचा आवाज येतो, "एवढ्या बोगद्यांतून गेले, पण छत वाजवून एकानेही पाहिले नाही!"

हे नुसते विनोदाचे वाक्य नाही. खऱ्या खाणीत माणसाची बहुतेक बुद्धी काही घडू नये यासाठीच खर्च होते. सुरुंग उडवण्यापूर्वी इशारा दिला जातो, माणसे आडोशाला नेली जातात. स्फोटानंतर धूर निघून जाईपर्यंत कोणी पुढे पाऊल टाकत नाही. मग जाणता कामगार लांब पहारीने छत ठोकून पाहतो. घट्ट खडक खणखणीत बोलतो. सुटलेल्या खडकाचा आवाज बद्द येतो, आणि तो पाडून टाकल्यावाचून काम पुढे सरकत नाही. खनिज काढून झालेल्या पोकळीत रेती भरतात, म्हणजे वरचा डोंगर खाली बसत नाही. ज्या दिवशी सांगण्याजोगे काहीही घडले नाही, तो दिवस खाणीत चांगला गेला असे समजतात.

मग ज्यांच्या घरी असे चांगले दिवस मोलाचे मानले जातात, त्याच घरची मुले धोक्याचे चित्र एवढे रंगून का पाहतात?

तो पाठलाग कसा तयार झाला, हे आधी पाहिले पाहिजे. इंग्लंडमधील एल्स्ट्री येथल्या चित्रशाळेत थोडे खरे रूळ टाकले होते. विजेवर चालणारा डबा त्यांवरून पुन्हा पुन्हा फिरवायचा आणि दर खेपेला दिवे व देखावे बदलायचे, म्हणजे बोगदा नवा भासे. उरलेली खाण बाहुल्यांच्या मापाची होती. तिच्या भिंती रंगवलेल्या चुरगळलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याच्या, डब्यात बसलेली माणसे बोटाएवढी, आणि तेवढ्या चिमुकल्या बोगद्यातून जाईल असा कॅमेरा मिळेना, म्हणून छायाचित्रांचा साधा कॅमेरा बदलून वापरला होता. सगळे खोटे, आणि सगळे अतिशय सावधपणे केलेले. हे कळल्यावरही तो प्रसंग पुन्हा पाहिला तर छाती धडधडतेच.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. केवळ वेगाने मन थरारत नाही. तुटलेले रूळ आपल्याला डबा तेथे पोहोचण्यापूर्वी दिसतात. दरी किती रुंद आहे याचा अंदाज आपण मनातल्या मनात घेतो. ब्रेक मोडल्याचे आपल्याला ठाऊक असते. आणि डब्यात एक मूल आहे. ते काम करणारा के ह्यू क्वान तेव्हा अवघा अकरा-बारा वर्षांचा होता, म्हणजे पाहणाऱ्या मुलांच्याच वयाचा. काय गमावले जाईल हे आधी कळले आणि ते वाचवण्याचे मार्ग एकेक करून मिटत गेले, की माणूस जागेवर खिळून राहतो. मोठा आवाज व मोठी आग नंतर येतात. जे चित्रपटकार हे विसरतात, त्यांच्या चित्रपटांत घरामागून घरे कोसळतात आणि प्रेक्षक जांभई देतो.

जुन्या लोकांना हे पक्के ठाऊक होते. 1923 सालच्या 'सेफ्टी लास्ट' या मूकपटात हॅरोल्ड लॉइड उंच इमारतीवरच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो, ते दृश्य शंभर वर्षांनंतरही हातापायांना घाम आणते. इमारतीचा तो दर्शनी भाग दुसऱ्या इमारतीच्या गच्चीवर उभारला होता आणि कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा बेताने खाली गाद्या अंथरल्या होत्या. तरीही धोका होताच. त्याहून मोठी गोष्ट अशी की, 1919 साली एका बनावट बॉम्बच्या स्फोटात लॉइड यांच्या उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी गेली होती. हातमोज्याखाली ही उणीव लपवून ते इमारत चढले. पडद्यावर मात्र आपल्याला दिसतो तो भेदरलेला, चष्मा लावणारा, साधा दुकानातला नोकर. त्याला भीती वाटते, म्हणूनच आपल्यालाही वाटते.

'बेन-हर' या 1959 सालच्या चित्रपटातील रथांची शर्यत सुमारे नऊ मिनिटांची आहे. शर्यत चालू असताना पार्श्वसंगीताचा एक स्वरही वाजत नाही. ऐकू येतात त्या टापा, चाके आणि लोकांचा गलका. एका प्रसंगी रथ अडथळ्यावरून उसळला आणि नायकाच्या जागी रथ हाकणारे जो कॅनट पुढच्या बाजूने खाली फेकले गेले. ते हनुवटीच्या जखमेवर निभावले. ती उसळी चित्रपटात तशीच ठेवली आहे. पण ही शर्यत खरी सुरू होते ती कितीतरी आधी, दोन बालमित्र वैरी होतात तेव्हा. ती हकीकत न पाहता नुसती शर्यत पाहणाऱ्याला फक्त घोडे दिसतात.

आपल्याकडेही ही परंपरा आहे. मास्टर विठ्ठल यांनी मूकपटांत तलवार अशी गाजवली की लोक त्यांना भारताचे डग्लस फेअरबँक्स म्हणत. पुढे 1931 साली 'आलम आरा' या आपल्या पहिल्या बोलपटाचे नायकही तेच झाले. 1935 साली मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनचा 'हंटरवाली' आला आणि नादिया नावाची, ऑस्ट्रेलियात जन्मलेली स्त्री घोड्यावर मांड ठोकून घराघरांत पोहोचली. आपली साहसे ती स्वतः करी.

इकडे चिखल्यात डबा अजून धावतोच आहे. ब्रेक नाही म्हणून वीर आपले बूट चाकांवर दाबून डबा थांबवतो. बुटांतून धूर निघतो आणि तो "पाणी! पाणी!" म्हणून ओरडतो. त्याच क्षणी मागच्या बोगद्यातून प्रचंड लोंढा येतो. मुले खदखदून हसतात.

वडील हसत नाहीत. खाणीत पाणी शिरणे म्हणजे काय, हे त्यांना माहीत आहे. 27 डिसेंबर 1975 रोजी धनबादजवळच्या चासनाला येथील कोळशाच्या खाणीत असेच पाणी घुसले आणि 370 हून अधिक कामगार प्राणांस मुकले. त्या दुर्घटनेवरून स्फुरलेला 'काला पत्थर' हा हिंदी चित्रपट 1979 साली आला.

मुलगा वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहतो आणि त्याचे हसू मध्येच थांबते. पडद्यावरची तिघे कड्याच्या कडेला अंग चोरून उभी आहेत. पाणी त्यांच्या बाजूने उसळून खाली कोसळत आहे. हे चित्र त्याने पूर्वीही पाहिले आहे, तिघे वाचतात हेही त्याला ठाऊक आहे. तरी तो सरकत सरकत भिंतीपाशी येतो आणि वडिलांच्या गुडघ्याला टेकून बसतो.

"बाबा, तुमच्या खाणीत पाणी आले तर?"

"पंप आहेत," वडील म्हणतात, "आणि ते चालू आहेत की नाही, हे पाहणारी माणसे आहेत. उद्या माझी पहिली पाळी आहे. आता तो आवाज जरा कमी कर."