चढलेला गंधार

साठी उलटल्यावर माणसाने काय करावे याबद्दल आपल्याकडे सल्ल्यांना तोटा नाही. पहाटे फिरायला जावे, मेथीचे दाणे भिजवून खावेत, सुनेच्या कारभारात तोंड घालू नये. गिटार शिकावी, असे मात्र मला कोणी सांगितल्याचे आठवत नाही. तरी सहासष्टाव्या वर्षी मी गिटार शिकू लागलो, आणि त्याचे सगळे श्रेय आमच्या कपाटाच्या उंचीला आहे. धाकट्या चिरंजीवांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षी हट्टाने घेतलेली आणि दुसऱ्या वर्षी विसरलेली गिटार त्या कपाटावर धूळ खात पडली होती. दिवाळीच्या झाडलोटीत ती सौभाग्यवतींच्या डोक्यावर आली. "एक तर वाजवा, नाही तर भंगारवाल्याला द्या," असा निकाल लागला. भंगारवाला त्या दिवशी आला नाही.

गुरुजी मिळाले बावीस वर्षांचे. रविवारी चर्चमध्ये वाजवतात आणि इतर दिवशी मोबाइल दुरुस्त करतात. ते मला 'काका' म्हणतात, मी त्यांना 'सर' म्हणतो, आणि दोघांनाही ते ओशाळवाणे वाटते. बाहेरच्या लोकांना वाटते, नगर म्हणजे भुईकोट किल्ला, रणगाडे आणि ऊस; येथे गिटार कुठली? (गावाचे नाव कागदोपत्री आता अहिल्यानगर झाले आहे, जिभेला मात्र अजून नगरच येते.) पण अमेरिकन मिशनचे लोक १८३१ साली येथे आले, ते आपली स्तोत्रे घेऊन. ती स्तोत्रे चार आवाजांची. एक सूर बायका धरणार, एक त्यांच्याखालचा, मग पुरुषांचे दोन. चौघे चार वाटांनी जातात आणि दर पावलाला एकमेकांना भेटतात. पुढे रेव्हरंड टिळकांनी त्याच देवळांत अभंग, भजन आणि कीर्तन आणले. त्यामुळे चार सुरांची गाठ आणि एका सुराची वाट, दोन्ही आमच्या गावाने फार पूर्वीपासून ऐकलेल्या आहेत.

ही गाठ म्हणजेच कॉर्ड. सरांनी ती मला इंग्रजी अक्षरांनी शिकवायला घेतली, आणि मी पंधरा दिवस काही न कळता बोटे सोलून घेतली. शेवटी मी वहीत सगळे सरगमीत लिहून काढले आणि एकदम उजेड पडला. पेपरवाला पोऱ्या एक घर सोडून एक घर पेपर टाकतो ना, तसे करायचे. सा घ्या, रे सोडा, ग घ्या, म सोडा, प घ्या. झाली साधी कॉर्ड. गंधार शुद्ध असेल तर ती हसते, कोमल केला तर तीच कॉर्ड तोंड पाडून बसते. सा आणि प जागचे हलत नाहीत. म्हणजे घराचा मिजाज सगळा गंधाराच्या हाती.

गंधार काढून टाकला तर काय होते, हेही मी ऐकलेले आहे. दौंड रस्त्यावर अरणगावजवळ मेहेराबाद आहे. तेथे मेहेरबाबांची समाधी. ३१ जानेवारीला, बाबांच्या अमरतिथीला, देशोदेशींचे भक्त जमतात आणि त्यांच्यात गिटारी असतातच. इंग्लंडमधल्या 'द हू' या मंडळींचा गिटारवाला पीट टाउनशेंड बाबांचा भक्त. त्यांच्या १९७१ सालच्या 'बाबा ओ'रायली' या गाण्याच्या नावातले 'बाबा' म्हणजे आमचे मेहेरबाबाच. हा गृहस्थ प्रसिद्ध आहे तो नुसत्या सा-पाच्या ठोक्यांसाठी. त्यात गंधार नसतोच. त्यामुळे ती कॉर्ड हसत नाही, रडत नाही; दारावर थाप मारावी तशी वाजते. तरुणपणी मेहेराबादला एका गोऱ्या पाहुण्याने तशी थाप मारलेली मी ऐकली होती. तिच्यात काय कमी आहे, हे कळायला मला चाळीस वर्षे लागली.

पण मला साध्या कॉर्डवर थांबायचे नव्हते. निवृत्त माणसाला हाव फार. पेपरवाल्याचा फेरा पुढे चालू ठेवला की प नंतर नी येतो, मग वरचा रे, मग म, मग ध. घरे मोजत गेले की सात, नऊ, अकरा, तेरा अशी भारदस्त नावे मिळतात. तेराच्या कॉर्डमध्ये सातही सूर येतात. गिटारीला मात्र तारा सहा, आणि माझ्या डाव्या हाताला कामाची बोटे चार, त्यांतले एक वाताचे. मग कोणाला तरी घराबाहेर काढावे लागते. कोणाला? सर म्हणाले, "पहिला पंचम काढायचा काका. तो असून नसून सारखाच. आणि खाली बेस वाजवणारा कोणी असला तर सा पण सोडून द्यायचा. फक्त गंधार आणि निषाद सोडायचे नाहीत."

पलीकडच्या खोलीतून अक्काचा आवाज आला, "सा सोडायचा? सा?"

अक्का माझी थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर. शाळेत गाणे शिकवण्यात तिचा जन्म गेला, आणि निवृत्तीनंतर ती तिच्या मिरजेच्या तानपुऱ्यासकट आमच्याकडे राहायला आली. पेटी तिला वर्ज्य. १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली, हे सरकारने केलेले एकमेव शहाणपणाचे काम, असे तिचे मत आहे. गिटारीला ती 'आडवी पेटी' म्हणे. तिचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पडद्यांवर सगळे सूर सारख्या अंतरावर बांधलेले असतात. त्यामुळे कोणत्याही सुरापासून कॉर्ड बांधता येते. पण त्या सोयीची किंमत द्यावी लागते आणि ती देतो गंधार. तो आपल्या स्वाभाविक जागेपेक्षा थोडा चढा बसतो. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर साधारण चौदा भाग. तुम्हा-आम्हाला कळायचे नाही. अक्काला दात दुखल्यासारखे कळते.

तानपुऱ्याची रीत बरोबर उलटी. त्यात सा आणि प एवढेच लावतात. गंधाराची तार नसतेच. पण जवारी नीट लागली आणि खर्जाची तार निवांत छेडली की तिच्या पोटातून गंधार आपला आपण उमटतो. स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. लहानपणी अक्काने मला तो दाखवला होता, देवळाच्या गाभाऱ्यात पाल दाखवावी तसा: "हालू नको. बघ, आला." मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा खोलीत तिसरे कोणी आले असे वाटून मागे वळून पाहिले होते.

गेल्या श्रावणात अक्का म्हणाली, "गंधार येत नाही रे हल्ली. जवारी बिघडली."

कारागीर बोलावला. त्याने घोडी घासली, तारांखालचा दोरा मागे-पुढे केला आणि तानपुरा असा लावून दिला की गंधार खोलीभर झाला. अक्का तार छेडत राहिली. मग तिने तानपुऱ्याकडे नाही, माझ्याकडे पाहिले.

"आला का?"

"अंधुक," मी म्हणालो.

"खोटं बोलताना तुझा सूर लहानपणापासून उतरतो."

कानाचे डॉक्टर म्हणाले, वयाने बारीक आणि उंच ध्वनी आधी जातात, बोलणे पुष्कळ दिवस ऐकू येईल. यंत्र घेतले. त्यातून तानपुरा पत्रा वाजल्यासारखा येतो म्हणून तिने ते डबीत घालून देवाजवळ ठेवले. गाणे बंद झाले असे नाही. पण पाच मिनिटांत ती तानपुरा गवसणीत घालू लागली. कारण कधी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. गवसणीची नाडी बांधतानाचा तिचा हात तेवढा मी पाहत असे.

त्या दिवसांत मी 'जी सिक्स-नाइन' नावाच्या एका कॉर्डशी झगडत होतो. सा, ग, प, ध आणि वरचा रे. बोटांच्या गाठी पडत होत्या. एकदा कंटाळून डावा हात काढला आणि सहाही तारा मोकळ्याच छेडल्या. काय आश्चर्य, तीच कॉर्ड वाजली! वहीत मांडून पाहिले. पांढरी पाच हा सा धरला तर गिटारीच्या मोकळ्या तारा जाड तारेपासून अशा येतात: ध, रे, प, सा, ग, ध. म्हणजे हुबेहूब भूप. दोन महिने बोटे मोडून जी बांधत होतो, ती कॉर्ड कारखान्यातूनच तारांवर बांधून आली होती. आणि पांढरी पाच ही अक्काची पट्टी.

संध्याकाळी ती तानपुरा घेऊन बसली तेव्हा मी गिटार घेऊन दारात जाऊन उभा राहिलो. तिने कपाळाला आठ्या घातल्या, पण नाही म्हणाली नाही. मी दुसरी तार, एकटी, छेडली. तिचा हात तानपुऱ्यावर थांबला.

"गंधार," ती म्हणाली. मग लगेच, "चढलाय."

मी खुंटी किंचित सैल केली. "अजून." आणखी केसभर. "अजून... थांब. गेला खाली. वर ये. हं." खुंटीवरून हात काढायची मला भीती वाटत होती. "आता धैवत बघ. तोही चढलाय." मग पहिली तार, मग सहावी. अर्धा तास गेला. सौभाग्यवती कुकरच्या शिट्ट्या मोजायचे विसरल्या. मग मी सहा तारांवरून अंगठा फिरवत राहिलो, अगदी सावकाश, तानपुऱ्याच्या चालीने, आणि अक्का भूप गायली. आवाज पूर्वीचा नाही. तारसप्तकात ती गेली नाही. पण गंधारावर येऊन ती थांबली तेव्हा बराच वेळ थांबली. भात करपला.

तेव्हापासून हा रोजचा क्रम आहे. माझ्या विद्येचे मात्र वाटोळे झाले. कारण पांढरी पाचचा गंधार तोच दुसऱ्या कॉर्डमध्ये कोणाचा तरी पंचम असतो, कोणाचा निषाद. त्याला एका घरी खूश केले की बाकीच्या घरी भांडणे. वहीतल्या एकतीस कॉर्डी आता बेसूर वाजतात. जी वाजते तिला बोटे लागत नाहीत.

परवा सर आले. त्यांनी तो चिमट्यासारखा ट्यूनर गिटारीच्या डोक्याला लावला. हिरवा दिवा लागेना.

"काका, तीन तारा उतरल्यात तुमच्या." त्यांचा हात खुंटीकडे गेला.

आतून आवाज आला, "त्याला म्हणावं, हात लावू नकोस."