दोन पानांचा रिपोर्ट

थर्ड इयर संपत आलं की आपल्या हॉस्टेलला एक साथ येते, प्रोफाइलची! लिंक्डइनवर टाय लावलेला फोटो, स्किल्सची लांबलचक यादी आणि कुणाचीही रिक्वेस्ट आली की डोळे मिटून अ‍ॅक्सेप्ट. पोटापाण्याचा प्रश्न आहे, त्यात वाईट काही नाही. पण आपल्यातले काहीजण उद्या संरक्षण खात्यात, सरकारी प्रयोगशाळांत लागतील. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

हेर म्हटलं की आपल्याला काळा कोट आणि गॉगल आठवतो. सिंगापूरचा डिक्सन यो मात्र चक्क पीएच.डी.चा विद्यार्थी होता. २०१५ मध्ये बीजिंगला त्याने एक प्रेझेंटेशन दिलं. नंतर काही लोक भेटले, म्हणाले, "आम्ही थिंक टँकचे. रिपोर्ट लिहून द्या, पैसे देऊ." ते निघाले चिनी गुप्तचर खात्याचे! पुढे हा पठ्ठ्या स्वतःच गळ टाकायला लागला. २०१८ मध्ये त्याने खोटी कन्सल्टिंग कंपनी काढून नोकरीची जाहिरात दिली. चारशेच्या वर रिझ्युमे आले. त्यातले ९० टक्के अमेरिकन लष्करातल्या आणि सरकारी लोकांचे, तेही गोपनीय कामाची परवानगी असलेल्यांचे. ना कुलूप फोडलं, ना भिंत चढला. लोकांनी आपणहून सगळं हातात आणून दिलं.

मग कोण नोकरीला कंटाळलाय, कुणाला पैशाची अडचण आहे, कुणाला मुलं पोसायची आहेत, ते हळूच काढून घ्यायचं. आणि मागायचं काय? तर फक्त एक रिपोर्ट. पेंटागॉनमधल्या एका लष्करी अधिकाऱ्याने अफगाणिस्तानातून सैन्य माघारी आल्यास चीनवर काय परिणाम होईल, यावर लिहून दिलं आणि निदान २,००० डॉलर घेतले. यो २०१९ मध्ये पकडला गेला आणि २०२० मध्ये त्याला १४ महिन्यांची शिक्षा झाली. सीआयएचा माजी अधिकारी केविन मॅलरी २०१७ मध्ये लिंक्डइनवरूनच अडकला. मिळाले २५,००० डॉलर आणि २०१९ मध्ये २० वर्षांची कैद!

हे सगळं तिकडचं, असं म्हणू नका. नागपुरात २०१८ मध्ये ब्रह्मोस एरोस्पेसच्या एका तरुण इंजिनिअरला अटक झाली. परदेशी नोकरीचं आमिष दाखवणाऱ्या खोट्या प्रोफाइलवरून त्याच्या लॅपटॉपमध्ये चोरटं सॉफ्टवेअर शिरलं, असं तपासात पुढे आलं. २०२४ मध्ये जन्मठेप झाली, २०२५ मध्ये हायकोर्टाने हेरगिरीच्या मोठ्या आरोपांतून सोडलं. पण मधली वर्षं कोण परत देणार?

माझे बाबा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत तीस वर्षं होते. आज काय काम केलं, हे त्यांनी आईलाही कधी सांगितलं नाही. लहानपणी मला त्याचा राग यायचा. आता वाटतं, त्यांच्या वेळी गप्प बसणं सोपं तरी होतं. आमच्या पिढीला मात्र नोकरी हवी असेल तर आधी स्वतःचा डंका पिटावा लागतो.

आपल्याच हॉस्टेलमधून पास होऊन एका संरक्षण संस्थेत लागलेल्या सीनिअरला मागच्या वर्षी असाच मेसेज आला. "तुमच्या विषयावर दोन पानं लिहा, मानधन डॉलरमध्ये." त्याने तो सरळ सिक्युरिटी ऑफिसरला दाखवला. मी विचारलं, "दादा, भीती नाही वाटली?" तो म्हणाला, "मेसेजची नाही रे. माझ्यावरच संशय घेतील याची वाटली. रात्रभर झोप नाही." साहेबांनी मात्र त्याला चहा पाजला आणि शाबासकी दिली.

मला वाटतं, सगळी गोम इथेच आहे. बंदी घालून थोडंफार साधतं. २०२० मध्ये आपल्या लष्कराने जवानांना ८९ अ‍ॅप्स काढून टाकायला सांगितली होती. पण कंत्राटदार, निवृत्त माणसं, आपल्यासारखी नवी पोरं, यांना कुठवर बंदी घालणार? ब्रिटनच्या एमआय५ने २०२१ मध्ये सांगितलं की पाच वर्षांत तिथल्या निदान १०,००० लोकांना खोट्या प्रोफाइलवरून गाठलं गेलं. त्यांचा सल्ला साधा आहे: खोटी प्रोफाइल ओळखा, धोका समजून घ्या, वरिष्ठांना सांगा आणि त्या माणसाला यादीतून काढून टाका. यातलं तिसरं सगळ्यात अवघड, कारण तिथे लाज आडवी येते. सांगायला आलेल्याला साहेबाने आरोपीसारखं उभं केलं, तर दुसरा कोणी येणारच नाही. गळ टाकणाऱ्याला हेच तर हवं असतं.

तेव्हा दोस्तांनो, रिझ्युमे जरूर लिहा, पण कुठल्या प्रोजेक्टवर काय काम करतोय ते त्यात ओतू नका. थोड्या कामाचे फार पैसे कुणी देऊ लागला तर आधी रूममेटला विचारा, नोकरीत असाल तर साहेबाला. आणि उद्या तुम्हीच साहेब झालात, तर तुमच्याकडे घाबरत आलेल्या पोराला पहिल्यांदा चहा पाजा!