वरून धड दिसणारं हेल्मेट

सायकलवरून पडलात की हेल्मेट बदला, असं कुणी म्हटलं की मला त्यात धंद्याचा वास यायचा. विकणारा दुसरं काय सांगणार? आमच्या घरात वस्तू टाकून द्यायची रीतच नव्हती. वडील नागपूरकडून भिलाईला आले आणि भिलाई स्टील प्लांटमध्ये लागले. सायकलचं टायर फाटलं तर आतून तुकडा लावून ते आणखी एक पावसाळा काढायचे. मोडलं नाही ते टाकायचं नाही, हा धडा मी त्यांच्याकडून घेतला. पण मोडलं आहे की नाही हे ते हातात घेऊन, उलटंपालटं करून बघायचे. तेवढं नेमकं मी घेतलं नाही.

दुर्गहून शिवनाथ नदीचा पूल ओलांडून मी रसमड्याला कामावर सायकलने जातो. औद्योगिक भागातल्या रस्त्यावर ट्रकमधून सांडलेली गिट्टी आणि कोळशाची भुकटी असतेच, पावसात तिचा निसरडा चिखल होतो. अशाच एका वळणावर पुढचं चाक सरकलं आणि मी उजव्या अंगावर आडवा झालो. डोकं डांबरावर आपटलं. भोवळ नाही, उलटी नाही, म्हणून डॉक्टरकडेही गेलो नाही. कोपर धुतलं, हेल्मेट काढून फिरवून पाहिलं. उजव्या कानाच्या वर प्लास्टिकवर ओरखडे होते, बाकी काही नाही. हेल्मेटने वाचवलं म्हणून त्याचं कौतुक वाटलं आणि तेच पुन्हा डोक्यावर चढवलं.

कारखान्यात मी याच्या अगदी उलट वागतो. शेडमध्ये कुणाच्या सेफ्टी हेल्मेटवर वरून नट-बोल्ट जरी पडला, तरी ते हेल्मेट बाजूला काढायचं, मग ते दिसायला कितीही चांगलं असो. नव्या पोरांना हे मीच सांगतो, जरा दमदाटीनेच सांगतो. पण ते हेल्मेट कारखान्याच्या पैशाचं आणि हे माझ्या पैशाचं. फरक एवढाच होता. हे लिहिताना लाज वाटते.

मधे बराच काळ गेला. मग बहिणीचा मुलगा सायकलने शाळेत जायला लागला. ताई म्हणाली, "तुझं जुनं हेल्मेट असेल तर देऊन टाक त्याला." मला तसंही नवीन घ्यायचं होतं. पडलो म्हणून नव्हे, उन्हाळ्यात जरा हलकं आणि हवेशीर बरं म्हणून. म्हणजे हौसेला माझ्याकडे पैसे होते.

द्यायच्या आधी धुवावं म्हणून आतले पॅड उपटले. घामाने काळे पडलेले, वेलक्रोवर चिकटवलेले ते स्पंजचे तुकडे मी आजवर कधी काढलेच नव्हते. उजव्या बाजूच्या पॅडखाली थर्माकोलमध्ये केसाएवढी चीर होती, हवेच्या एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत गेलेली. अंगठ्याने जरा दाबलं तर ती उघडली, सोडलं तर मिटली. मग दोन्ही बाजू चिमटीत धरून पाहिल्या. उजवीकडचा थर पातळ लागत होता आणि टणकही. डावीकडे नख सहज रुतायचं, उजवीकडे रुतेना. आणि बाहेरून तिथे तेच ओरखडे, जे मी तेव्हा बघून सोडून दिले होते.

न्हाणीघराच्या उंबऱ्यावर मी तसाच बसून राहिलो. इतके दिवस मी ते स्वतः वापरत होतो, त्याची भीती मागाहून वाटली. आधी डोळ्यांपुढे आला तो भाचा. त्याच्या डोक्यावर ते ठेवून, हनुवटीखालचा पट्टा नीट करून मी ताईला सांगणार होतो, "चांगलं आहे गं, काही झालेलं नाही त्याला." आणि ती विश्वास ठेवणार होती, कारण मामा कारखान्यात काम करतो, त्याला यातलं कळतं. ते खोटं बोलणंही ठरलं नसतं, कारण मी आत बघितलंच नव्हतं. न बघण्यात माझी सोय होती. बघितलं असतं तर पैसे काढावे लागले असते.

त्यानंतर मी यावर वाचलं, मन लावून वाचलं. हा थर्माकोल म्हणजे फुगवलेल्या पॉलिस्टायरीनचे मणी. डोकं आपटलं की ते चिरडतात. धक्का त्या चिरडण्यात खर्च होतो आणि डोकं एकदम न थांबता काही मिलिसेकंद उशिराने थांबतं. सगळी करामत त्या उशिराची. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाचा नियम १९९९ पासून लागू आहे. त्यात डोक्याचा साचा हेल्मेटसकट २ मीटरवरून सपाट पोलादावर टाकतात, आणि साच्याला बसणारा झटका गुरुत्वाकर्षणाच्या ३०० पटींवर जाऊन चालत नाही. चिरडलेला मणी मात्र पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. तो थोडासा उसळून वर येतो, आणि डोळा तिथेच फसतो.

माझा जुना संशय सगळाच खोटा होता असंही नाही. दर ५ वर्षांनी हेल्मेट बदलाच, असं सांगतात. पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २० वर्षांपर्यंतची हेल्मेटं तपासली, तेव्हा वयामुळे त्यातला फोम कमजोर झाल्याचं आढळलं नाही. रिकामं हेल्मेट खुंटीवरून खाली पडलं तरी सहसा काही बिघडत नाही, कारण आत चार-पाच किलोंचं डोकं नसतं. कोपर-गुडघे फुटले, डोकं टेकलंच नाही, तरीही बदलायचं कारण नाही. हे मी आजही ठामपणे म्हणतो. डोकं टेकलं असेल तर मात्र आता वाद घालत नाही. आणि टेकलं की नाही हे आठवत नसेल तर टेकलं असं धरतो, कारण पडतानाचं आपलं आपल्याला नीट आठवत नाही.

मोटार वाहन कायद्याची हेल्मेटसक्ती मोटारसायकलवाल्यांना आहे. सायकलवाल्याला चौकात कुणी अडवत नाही. तेव्हा हेल्मेट कधी टाकायचं हे त्याने स्वतःच ठरवायचं असतं.

भाच्याला नवं घेतलं, त्याच्या डोक्याच्या मापाचं. माझं तरी त्याला कुठे नीट बसलं असतं! मला मी साधंच घेतलं. ताईला ती चीर दाखवली आणि मी काय करणार होतो तेही सांगितलं. जुनं हेल्मेट तसंच कबाड्याला दिलं असतं तर धुऊनपुसून पुन्हा कुणाला तरी विकलं गेलं असतं. म्हणून आधी त्याचे पट्टे कापले, थर्माकोल चिरेवर मोडून दोन तुकडे केले आणि मग ते दिलं.