पांढरी पाच आणि काळी चारच्या मधला आवाज

गेल्या रविवारी रात्री पावणेबाराच्या सुमारास मी स्वतः आखलेल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या बोर्डावर तानपुरा ऐकला. गाणं सुरू व्हायच्या आधीचं ते अर्धं मिनिट, नुसता तानपुरा. प्रत्येक तारेचा आघात वेगळा, त्यामागे जवारीची लांबत जाणारी झळाळी, आणि त्याच्याही मागे काहीच नाही! मी रेकॉर्डिंग थांबवलं, आवाजाची कळ पूर्ण फिरवली आणि स्पीकरला कान लावला. अगदी बारीक, श्वासासारखी सळसळ, बस्स. घरातल्यांना उठवून सांगावंसं वाटलं. सांगितलंही.

तीन महिन्यांपूर्वी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी भजनी मंडळात पेटी वाजवतो, सुराचा कान आहे, पण विजेशी संबंध फ्यूज बदलण्यापुरता. घरचा जुना अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला तेव्हा डिप्लोमाला असलेला माझा भाचा म्हणाला, "मामा, नवा कशाला घेता? एका चिपवर होतो." मला ते खरंच वाटलं नाही. त्याने बोटभर रुंदीची काळी, अकरा पायांची एक वस्तू माझ्या तळहातावर ठेवली. एलएम ३८८६. नॅशनल सेमिकंडक्टर या अमेरिकन कंपनीने काढलेली. ती कंपनी २०११ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने घेतली, तरी चिप त्याच नावाने मिळते. अधिक २८ आणि उणे २८ व्होल्ट दिले तर चार ओहमच्या स्पीकरला ६८ वॅट! आमच्या मंडळाचं सभागृह भरून टाकेल एवढी ताकद त्या काळ्या तुकड्यात.

आणि या वाटेने जाणारा मी पहिला नव्हे, हे कळल्यावर तर झोपच उडाली. जपानमध्ये जुंजी किमुरा यांच्या ४७ लॅबोरेटरीने गेनकार्ड नावाचा अ‍ॅम्प्लिफायर काढला होता. आत याच घराण्यातली एलएम ३८७५ ही चिप, एका चॅनेलला मोजून नऊ पार्ट, आणि आउटपुटचा थोडा भाग इनपुटकडे परत नेणारी फीडबॅकची वाट अवघी नऊ मिलिमीटर. लोकांनी तो उघडून पाहिला आणि जगभर घराघरांत त्याच्या आवृत्त्या बनू लागल्या. त्यांना गेनक्लोन हेच नाव पडलं. नऊ मिलिमीटरचं एवढं कौतुक कशासाठी, हे मला तेव्हा समजलं नव्हतं. आता समजतं, आणि सगळी गंमत तिथेच आहे.

तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत दोन शनिवार गेले. १८-०-१८ चा ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा ब्रिज, ४७०० मायक्रोफॅरडचे दोन मोठे कंडेन्सर (दुकानात अजून हाच शब्द चालतो), रेझिस्टरच्या पुड्या, कोरी कॉपर प्लेट. कंपनीच्या कागदावर सर्किटची आकृती होतीच. मी प्लेटवर मार्करने रेघा ओढल्या, फेरिक क्लोराईडच्या कोमट, तपकिरी पाण्यात ती हलवत बसलो आणि नको असलेलं तांबं हळूहळू विरघळून माझ्या रेघा वर येताना पाहिल्या. तो अर्धा तास मी कधी विसरणार नाही. आपण कागदावर विचार करतो तो धातूत उतरताना दिसतो!

सोल्डरिंग झालं, भाच्याच्या सांगण्यावरून मेनच्या वायरीत ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये जोडला, बटण दाबलं. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, म्हणजे कुठे शॉर्ट नव्हता. पण आवाजही नव्हता. दोन तास प्रत्येक जोड तपासला. शेवटी आठव्या पायाने उलगडा केला: तो म्यूटचा पाय, त्यातून निदान अर्धा मिलीअँपिअर बाहेर ओढला नाही तर चिप गप्पच बसते. मी तो मोकळाच ठेवला होता. एक रेझिस्टर लावला आणि गाणं आलं.

गाण्याबरोबर गुणगुणही आली. जाड, सपाट, न थांबणारी. मी पेटी काढून तिचा सूर शोधू लागलो. खर्जातली पांढरी पाच दाबली, गुणगुण तिच्या किंचित वर. काळी चार दाबली, तर तिच्या खाली. दोन पट्ट्यांच्या मधे बसलेला, कुठल्याच गवयाच्या कामाचा नसलेला तो आवाज. भाच्याने हिशेब सांगितला तेव्हा अंगावर काटा आला. आपली वीज ५० हर्ट्झची. ती ब्रिजमधून गेल्यावर कंडेन्सर सेकंदाला १०० वेळा भरले जातात. पांढरी पाच तिथे ९८ हर्ट्झ, काळी चार जवळजवळ १०४. म्हणजे मी पेटीवर कंडेन्सर भरताना ऐकत होतो!

पण कंडेन्सर भरण्याचा आवाज गाण्यात शिरलाच कसा? आकृतीप्रमाणे प्रत्येक जोड बरोबर होता. भाच्याने बोर्ड उलटा करून माझ्यासमोर ठेवला.

"मामा, स्पीकरमधून परत येणारा करंट कुठून कुठे जातो, ते बोटाने दाखवा."

मी दाखवला. बोट ग्राउंडच्या, म्हणजे करंट परत येण्याच्या रेघेवरून कंडेन्सरपर्यंत गेलं.

"आता ट्रान्सफॉर्मरचा करंट."

बोट त्याच रेघेवर आलं.

"आणि इनपुटचं ग्राउंड कुठे जोडलंत?"

त्याच रेघेच्या मधोमध.

मग त्याने मला चौरस मोजायला शिकवलं, आणि माझ्या मते या सगळ्या विद्येतला हा सर्वांत सुंदर तुकडा आहे. साध्या बोर्डावरचं तांबं ३५ मायक्रॉन जाड असतं. त्या तांब्याचा कुठलाही चौरस घ्या, एक मिलिमीटरचा घ्या नाहीतर एक फुटाचा, समोरासमोरच्या दोन बाजूंमधला त्याचा रेझिस्टन्स साधारण अर्धा मिलीओहम. चौरस मोठा केला की वाट लांबते तेवढीच रुंदही होते, म्हणून आकडा तोच. तेव्हा ट्रॅकमध्ये किती चौरस बसतात ते मोजा, झालं! माझी रेघ तीन मिलिमीटर रुंद, साठ लांब. वीस चौरस, दहा मिलीओहम. मीटरलाही नीट दिसणार नाही एवढं. पण त्यातून दोन अँपिअर गेले की २० मिलीव्होल्ट उभे राहतात, आणि ते इनपुटच्या ग्राउंडमध्ये शिरले तर चिप त्यांना गाणंच समजते. माझ्या सर्किटचा गेन २१, म्हणजे आत येईल त्याच्या एकवीस पट बाहेर. स्पीकरवर ०.४२ व्होल्टची गुणगुण! तिने कोणताही नियम मोडला नव्हता. मी जे जोडलं होतं ते ती इमानाने वाजवत होती.

त्या रात्रीपासून आकृती आणि बोर्ड या माझ्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. आकृतीत रेघ म्हणजे नुसतं नातं. बोर्डावर तीच रेघ रेझिस्टर असते, छोटी कॉइल असते आणि अँटेनाही असते. आकृतीत ग्राउंडचं चिन्ह दहा ठिकाणी काढलं तरी ती एकच जागा. बोर्डावर त्या दहा जागा होतात. तांबं हाही एक पार्टच आहे, फक्त त्याची किंमत बिलात नसते आणि त्याचा आकडा आपण ठरवायचा असतो.

पुढचे सहा आठवडे मी नुसतं हेच केलं. कीकॅड नावाचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. फ्रान्सच्या ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये सुरू केलेलं, पूर्ण फुकट आणि खुलं. पार्ट ठेवला की त्याच्यापासून बाकीच्यांकडे बारीक तिरक्या रेषा ताणल्या जातात. पार्ट फिरवला की रेषांची गुंतागुंत सुटते किंवा वाढते. ऑफिसातून आलो की मी त्यापुढे बसायचो आणि एक रेझिस्टर नव्वद अंशांनी वळवल्यावर सगळं जाळं मोकळं झालं की एकटाच हसायचो.

एलएम ३८८६ चे पाय आता मला पेटीच्या पट्ट्यांसारखे पाठ आहेत. तीन आउटपुट, चार उणे, पाच अधिक, सगळा दणदणीत करंट एका बाजूला. नऊ आणि दहा हे नाजूक इनपुट दुसऱ्या टोकाला. म्हणजे चिपच सांगते की बोर्डाचे दोन मोहल्ले करा. चार-पाचच्या अगदी मुळाशी ०.१ मायक्रोफॅरडचे बारीक कंडेन्सर, कारण ट्रॅकचा प्रत्येक मिलिमीटर साधारण एक नॅनोहेन्रीची कॉइल असतो आणि लांबच्या कंडेन्सरची मदत वेळेवर पोहोचत नाही. मग चिप ऐकू न येणाऱ्या उंच सुरात स्वतःशीच गाऊ लागते आणि तापते. फीडबॅकचा रेझिस्टर थेट तीन आणि नऊच्या पायांशी. किमुरांचे नऊ मिलिमीटर इथे कळले. माझे चौदा झाले, आणि मला त्यांचा अभिमान आहे.

ग्राउंड मात्र पुन्हा पुन्हा खोडलं. शेवटी असं बसलं: ट्रान्सफॉर्मरची मधली तार थेट दोन मोठ्या कंडेन्सरच्या जोडावर, भरण्याचे झटके तिथल्या तिथे, तिथून एक रुंद वाट पुढे, तिच्या टोकाला एक बिंदू, आणि स्पीकरची परत येणारी तार त्या बिंदूवर. इनपुट आणि फीडबॅकची ग्राउंडं आधी एकमेकांना भेटतात, मग एकाच पातळ रेघेने त्या बिंदूला येतात. त्या रेघेत मोठा करंट कधी शिरतच नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती ऐकून मी खुर्चीतून उठलो होतो. अशा चिपमध्ये अधिकच्या ट्रॅकमधून लाटेचा फक्त वरचा अर्धा भाग वाहतो, उण्याच्या ट्रॅकमधून फक्त खालचा. ही अर्धी कापलेली लाट आसपास चुंबकीय क्षेत्र सोडते, आणि ते इनपुटच्या वेटोळ्यात शिरलं तर आवाज खरबरीत होतो. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या एडवर्ड चेरी यांनी १९८१ मध्ये हे दाखवून दिलं. उपाय? दोन्ही ट्रॅक एकमेकांना खेटून न्या! दोन अर्ध्या लाटांची क्षेत्रं मिळून पुन्हा पूर्ण, स्वच्छ लाट होते. पैसा खर्च नाही, नवा पार्ट नाही, फक्त दोन रेघा जवळ आणायच्या. मी तर एक वरच्या थरावर आणि दुसरी बरोबर तिच्याखाली नेली.

बोर्ड कारखान्यातून करून घेतला, तांबं दुप्पट, ७० मायक्रॉन. चौरसाचा रेझिस्टन्स आपोआप निम्मा. पाकीट फोडल्यावर तो हिरवा तुकडा उजेडात धरला, आणि आतून माझ्याच रेघा दिसल्या. चिपच्या पाठीला अभ्रक आणि पांढरी पेस्ट लावून ती हीटसिंकवर आवळली (साध्या पॅकिंगच्या चिपचा तो धातूचा पत्रा उण्या पुरवठ्याला जोडलेला असतो, अभ्रक विसरू नका). पार्ट तेच, तपकीर गल्लीतलेच. ट्रान्सफॉर्मर तोच, कंडेन्सर तेच, चिपसुद्धा पहिल्या बोर्डावरून काढलेली तीच. बदललं होतं फक्त तांबं. पांढरी पाच आणि काळी चारच्या मधे आता काही वाजत नाही.

तुमच्या घरी एखादी जुनी स्पीकरची जोडी पडून असेल आणि दोन शनिवार मोकळे असतील, तर करून बघाच. मेनच्या वायरीत आधी सिरीज बल्ब लावा, धातूच्या पेटीला अर्थिंग द्या, आणि आलेखाच्या कागदावर पेन्सिलने सगळ्यात पहिली रेघ ग्राउंडची ओढा.