जाळीचा पाइप

पाऊस ओसरला की गॅरेजवर एक प्रश्न हमखास येतो. "दादा, ब्रेकला स्टीलचे पाइप टाकू का?" विचारणारा बहुधा तरुण, गाडी साडेतीनशे सीसीच्या आसपासची आणि बेत ताम्हिणी उतरून कोकणात जायचा. उत्तर देण्याआधी मी हँडलवरची ब्रेक ऑइलची डबी बघतो. ऑइल काळपट असेल तर पाइपचं बोलणं तिथेच थांबवतो.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. नवं डॉट-४ ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये, असा दंडक आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तीच मर्यादा १५५ वर येते. घाट उतरताना गिअरवर गाडी न धरता नुसता ब्रेक दाबून ठेवला की कॅलिपर तापतं, ऑइलमध्ये वाफ धरते, आणि वाफ दाबली जाते. लिव्हर थेट मुठीला टेकतो. त्या वेळी पाइप रबराचा आहे की स्टीलचा, याने काहीही फरक पडत नाही. दोन वर्षांनी ऑइल बदलायचं, हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते पान कोणी उघडत नाही.

आता पाइप. रबरी पाइपच्या पोटात धाग्यांची वीण असते, तरी जोर लावला की तो केसभर फुगतो. ती फूग भरायला लिव्हर थोडा जास्त आत जातो. जाळीच्या पाइपात आत टेफ्लॉनची नळी आणि वरून स्टेनलेस तारेचं विणकाम, त्यामुळे फुगायला वाव जवळजवळ नाहीच. लिव्हर लवकर घट्ट होतो. पण बोटाचा जोर तोच असेल तर कॅलिपरपर्यंत पोचणारा दाबही तोच. गाडी किती अंतरात थांबेल ते शेवटी टायर आणि रस्ता ठरवतात. विकणारे हे सांगत नाहीत.

मग फायदा काय? बोटाला कळतं. ओल्या डांबरावर पुढचं चाक कुठे सुटायला लागलंय, याचा अंदाज रबरी पाइपातून जरा पुसट येतो, जाळीतून स्पष्ट. ज्याचं बोट हे वाचायला शिकलंय त्याला हा खर्च वसूल होतो. दोन बोटांनी एकदम कचकन ब्रेक मारणाऱ्याला नाही. शिवाय २०१९ पासून १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. तिथे पाइप हँडलवरून आधी एबीएसच्या युनिटकडे जातो, मग चाकाकडे. म्हणजे पाइप जास्त, खर्च जास्त आणि हवा काढण्याची कटकटही जास्त.

चारचाकीत तर मी सहसा नकोच म्हणतो. तिथे बरीचशी लाइन मुळातच धातूची असते, चाकाजवळचे तुकडे तेवढे रबरी.

मात्र दहा-बारा वर्षांची मोटारसायकल आली, पाइप वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या, की मी वाद घालत नाही. जुनं रबर कधी आतूनही सुजतं: दाब जातो, पण परत यायला अडतो. ब्रेक सोडला तरी पॅड डिस्कला घासत राहतो आणि गिऱ्हाईक चाकाच्या बेअरिंगला दोष देतं. पाइप बदलायचाच आहे, तर जाळीचा टाकावा. नव्या रबरी पाइपपेक्षा किमतीत फार फरक नसेल तर नक्कीच.

फक्त बसवणाऱ्याने मन लावून बसवावा. बँजो बोल्टचे वॉशर दर वेळी नवे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून, पुढचा सस्पेन्शन दाबून पाइप कुठे ताणतो का ते बघायचं. उघडी जाळी कानशीसारखी असते. टाकीचा रंग, वायरिंग, जे घासेल ते खाते, म्हणून प्लॅस्टिकचं आवरण असलेलाच घ्यावा. आणि रंगावर ऑइल सांडलं तर फडक्याने पुसत बसू नये, लगेच पाणी ओतावं.