पडवींतील होडी

कोणतीहि वस्तु वापरांत असेपर्यंत तिची काळजी वापरच घेत असतो. रोजच्या विहिरीचा रहाट करकरूं लागला कीं कोणीतरी त्याला तेल घालतो. रोजच्या पायरीचा चिरा हलला तर तें पहिल्याच दिवशीं कळतें. खरी परीक्षा होते ती वस्तु कामावांचून पडून राहिली म्हणजे. तिच्याकडे पाहण्याचें कारण उरत नाहीं, आणि जिच्याकडे कोणी पाहत नाहीं ती वस्तु गुपचूप नासूं लागते. एकत्र कुटुंबांत तर हा धोका अधिकच. कारण सर्वांची म्हणून जी वस्तु असते, ती वापरतांना सर्वांची असते आणि जपतांना कोणाचीच नसते.

आमच्या घरची होडी ही अशी एक वस्तु आहे. रत्नागिरी जिल्ह्यांतील आमचें घर खाडीच्या अलीकडे आणि नारळी-पोफळीचें आगर पलीकडे. त्यामुळें पूर्वीं होडीवांचून आमचें पानहि हलत नसे. नारळ, सुपारी, पाहुणे, वऱ्हाडी मंडळी, सर्वांचें जाणेंयेणें तिच्यांतूनच. पुढें खाडीवर पूल झाला. तेव्हांपासून मे महिन्यांत नोकरीच्या गांवांहून मंडळी घरीं जमलीं म्हणजे होडी आठपंधरा दिवस पाण्यांत उतरे आणि उरलेलें वर्ष खाडीलगतच्या पडवींत पडून राही. अखेर एका उन्हाळ्यांत घरांत प्रश्न निघाला कीं, ती ठेवावी कीं विकावी? त्याचा निकाल कसा लागला हें सांगण्यापूर्वीं, होडी ठेवणें म्हणजे काय काय करणें, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे.

होडी ओढण्याचा दिवस पंचांग पाहूनच ठरवावा लागतो, आणि तो मुहूर्तासाठीं नव्हे. अमावास्या व पौर्णिमा ह्यांच्या आसपास सूर्य व चंद्र ह्यांचें आकर्षण एकत्र होऊन भरतीचें पाणी नेहमींपेक्षां अधिक चढतें. ह्या उधाणाच्या भरतीवर होडी नेईल तितकी वर न्यावी. पुढचें ओढण्याचें काम तेवढें कमी होतें. पाऊस सुरू होण्यापूर्वींचें शेवटचें उधाण साधलें नाहीं, तर तेंच काम भर पावसांत, दुप्पट माणसांनिशीं करावें लागतें. होडी वर येतांच, बूड ओलें आहे तोंच खरवडून घ्यावें. बुडाला चिकटलेले कवचधारी जीव वाळले म्हणजे दगडासारखे होतात. लाकूड पोखरणारा समुद्रांतला किडाहि ह्याच वेळीं शोधावयाचा. त्याला किडा म्हणतात खरें, पण तो शिंपल्यांच्या जातींतला प्राणी आहे. खाऱ्या पाण्यावांचून तो फार दिवस जगत नाहीं. म्हणून होडी कोरडी करणें हाच त्यावर जुना व सोपा उपाय. नंतर उंडीचें, माशाचें किंवा काजूच्या टरफलांचें तेल बाहेरून फासावें.

मग ती ठेवावयाची कशी? जमिनीवर टेकवून मुळींच नव्हे, कारण वाळवी त्याच वाटेनें चढते. खालीं जांभ्याचे चिरे घालावे, आणि तेहि दोनच टोकांना नव्हे, तर मधूनमधून. नाहींतर स्वतःच्याच भारानें होडीला बाक येतो. एक टोक किंचित् उंच असावें आणि बुडाचें बूच काढून ठेवावें, म्हणजे आंत गेलेलें पाणी आपोआप निघून जाईल. वर नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप असोत कीं आजची ताडपत्री असो, खालून वारा खेळला पाहिजे. घट्ट आवळलेल्या ताडपत्रीखालीं कोंडलेला दमटपणा उघड्या पावसाइतकाच वाईट. पुष्कळांस ठाऊक नसतें कीं, लाकडाला समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षां पावसाच्या गोड्या पाण्याचेंच भय अधिक. तें कोपऱ्यांत सांचून राहिलें म्हणजे बुरशी येते आणि लाकूड कुजतें.

आमचा एक पुतण्या अमेरिकेंत मिनेसोटा राज्यांत असतो. तें राज्य तळ्यांचें. तेथें ॲल्युमिनियमच्या दोन-तीन लांब पोकळ नळ्यांवर सपाट तक्तपोशी बसविलेल्या नावा घरोघरच्या हौसेच्या असतात. त्याच्याकडे अशी एक नाव आहे. हिवाळ्यांत तेथील तळीं गोठतात, म्हणून त्यापूर्वींच ती जमिनीवर आणून ठोकळ्यांवर ठेवतात. एंजिनांतील व नळ्यांतील पाण्याचा थेंबन् थेंब काढून टाकतात, कारण पाण्याचें बर्फ होतांना तें सुमारें ९ टक्के फुगतें आणि लोखंडालाहि तडा देतें. बॅटरी काढून घेतात, आणि उंदरांनीं गाद्या कुरतडूं नयेत म्हणून बंदोबस्त करतात. त्याचें पत्र वाचून आम्हांला गंमत वाटली ती ही कीं, आपला शत्रु पाऊस आणि त्यांचा शत्रु बर्फ; पण सूत्र दोन्हींकडे एकच. बाहेरचें पाणी नावेला तारतें. आंत राहिलेलें पाणी तिला मारतें.

नावांना पावसाळ्यांत विसावा देणें हा आपल्याकडे राज्यकारभाराचाहि विषय होता. अठराव्या शतकाच्या आरंभींच्या ‘आज्ञापत्रां’त रामचंद्रपंत अमात्यांनीं आरमाराच्या पावसाळी छावणीविषयीं बारकाईनें लिहिलें आहे. पाऊस लागण्यापूर्वींच आरमार सुरक्षित बंदरीं आणावें, आणि दरसाल त्याच बंदरीं छावणी करूं नये, असा त्यांचा उपदेश आहे. आजहि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा तो काळ, आणि दर्या खवळण्याचाहि.

ह्या सर्वांत एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. विसावा ठराविक मुदतीचा असतो. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण झाला कीं कोळ्यांचीं होडकीं पुन्हां पाण्यांत. आमच्या होडीचा विसावा मात्र साडेअकरा महिन्यांचा झाला होता. त्या उन्हाळ्यांत होडी पाहावयास आम्हीं गांवांतील एका वृद्ध तांडेलास बोलावलें. त्यानें फळ्यांवरून हात फिरविला, दोन फळ्यांमधील फटींत नख घातलें, आणि आमच्या थोरल्या काकांना म्हणाला, “तात्या, होडी दर्यात मरत नाय. ती पडवीत मरते.” लाकूड फार दिवस कोरडें राहिलें म्हणजे आकसतें आणि सांधे उघडतात. म्हणूनच पाण्यांत घालतांना होडी पहिले दोन दिवस गळते. मग फळ्या फुगतात आणि सांधे आपोआप मिटतात. पण आमच्या होडीच्या फटी पाण्यानें मिटण्यापलीकडे चालल्या होत्या. त्यांत कापूस व राळ ठासावी लागणार होती. सर्व सोपस्कार आम्ही पाळीत होतों. चुकत होता तो काळ.

घरांत दोन पक्ष पडले. कोणी म्हणाले, विकून टाका. कोणी म्हणाले, आजोबांची होडी परक्याच्या हातीं देणें नको. निकाल दिला तो घरांतील सर्वांत वडील अशा काकूंनीं. त्या ह्याच होडींतून नववधू म्हणून ह्या घरीं आल्या. त्यामुळें ‘ठेवा’ असें त्या म्हणतील, अशी आमची सर्वांची समजूत. त्यांनीं विचारलें तें एवढेंच: “ठेवायची ती कोणासाठीं? होडीसाठीं, कीं आपल्या समाधानासाठीं?” ह्यावर उत्तर कोणापाशींच नव्हतें.

आतां ठरलें आहे तें असें. ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत होडी आमच्या पडवींत. ती ओढणें, खरवडणें, तेल देणें आणि पावसांत आठवड्यानें एकदां पाहणें हें काम दरसाल एका भावाच्या बिऱ्हाडाकडे, आणि त्या बिऱ्हाडाचें नांव पडवीच्या भिंतीवर खडूनें लिहिलेलें. नारळी पौर्णिमेनंतर होडी तांडेलाच्या नातवाकडे. तो खाडींत जाळें टाकतो. त्यालाहि तिचा उपयोग आणि तिलाहि त्याचा. मे महिन्यांत मुलांना होडी हवी असेल तेव्हां त्यांनीं त्याच्याकडे जाऊन मागावी. हें मागणें आमच्यापैकीं कांहीं जणांना अद्याप जड जातें, आणि तें आम्ही लपवीत नाहीं. परंतु पहिल्याच वर्षीं नव्यानें ठासलेल्या फटी जेव्हां पाण्यांत घट्ट मिटल्या, तेव्हां वादाचा आवाज बराच खालीं आला.

प्रत्येक जुन्या घरांत माळ्यावर, कोठीघरांत, पडवींत अशा कितीतरी वस्तु असतील. वाचकांनीं त्यांतील एखादी बाहेर काढून दोनच प्रश्न विचारावे: ही पुन्हां कामाला कधीं लागणार? आणि तोंवर हिच्याकडे पाहण्याची पाळी कोणाची? दोन्हींचीं उत्तरें मिळालीं तर ती खुशाल ठेवावी. न मिळालीं, तर जो वापरील त्याच्या हातीं ती वेळींच द्यावी. सांधे फार उघडण्यापूर्वीं.